टिकली लावलेला लॅपटॉप

सबनीसकाकांच्या लॅपटॉपला टिकली आहे. मरून रंगाची, वरच्या कडेला मधोमध, जिथे कॅमेऱ्याचा डोळा असतो बरोबर तिथे. लॅपटॉप उघडला की तो हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसतो.

"चिकटपट्टी लावली तर त्यांना कळतं की आपल्याला संशय आलाय," काका म्हणतात. "टिकली लावली की त्यांना वाटतं, घरात बाईमाणूस आहे."

'त्यांना' म्हणजे कोणाला, हे विचारायचं नाही. विचारलं तर आधी खिडकी लावावी लागते.

झाशीत दतिया गेटजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. एक काकांचं, एक आमचं, समोरासमोर. काका रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. मनमाडकडून बदली होऊन झाशीला आले, इथेच लग्न झालं, इथेच निवृत्त झाले. काकू झाशीकडच्याच, गुरसरायच्या जुन्या मराठी घरातल्या. फडताळ, तसराळं असे शब्द त्यांच्या तोंडून अगदी सहज यायचे. काकू गेल्या, मुलगा परदेशात आहे, आणि काकांकडे हा लॅपटॉप आहे.

आमच्याकडेही नोकरी रेल्वेचीच, पण वडील वर्कशॉपातले आणि युनियनचे. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. त्यामुळे माझं मराठी लिहाय-वाचायला पक्कं आहे, पण तोंड उघडलं की सभा सुरू होते. समोरच्या काकांना 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणता येत नाही, म्हणून मी हिंदीत बोलते. काका मराठीत विचारतात, मी हिंदीत उत्तर देते, आणि काका कानामागे तळहात धरून म्हणतात, "पत्रकबाई, रेंज नाहीये."

तर काकांचा संशय. तो साधा नाही, खात्यात शिकलेला आहे. सिग्नलच्या तारेला हात लावायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरला विचारायचं. तो 'हो' म्हणाला, म्हणजे 'ब्लॉक' मिळाला, की काम सुरू, काम झालं की पुन्हा कळवायचं. न विचारता पाना उचलणारा माणूस काकांच्या मते खुनीच. शिवाय फोनवर कोणाचा शब्द खरा मानायचा याचाही रेल्वेत नियम आहे. फाटकवाल्याने फाटक लावलं की तो मास्तरला एक गुप्त दोन आकडी नंबर सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. ऐकणाऱ्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा. मगच गाडी.

काका निवृत्त झाले, नियम झाला नाही.

एकदा मी समोर बसलेली असताना त्यांना फोन आला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, "सर, आपके लैपटॉप में वायरस आ गया है। हम कंपनी से बोल रहे हैं। एक ओटीपी आएगा, बता दीजिए।"

"पहले तुम अपना प्रायव्हेट नंबर बोलो."

"सर, ओटीपी आपके पास आएगा।"

"वो मेरा हुआ. तुम्हारा कौन सा है? मास्तर कौन है तुम्हारा? ब्लॉक किससे लिया?"

"सर, कौन सा ब्लॉक?"

"बिना ब्लॉक के लाइन में घुस आए? नाम बोलो. पूरा. बाप का भी."

पलीकडच्याने फोन ठेवला. काकांनी तोच नंबर परत लावला आणि त्याला बापाचं नाव विचारलं. तिसऱ्या वेळी त्या माणसाने फोनच बंद करून टाकला. मी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "टाळ्या नको, दार लाव."

असा माणूस लॅपटॉपला अपडेट कसं करू देईल? पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली की ते ती खंडणीच्या चिठ्ठीसारखी मोठ्याने वाचतात. "'आम्ही तुमचा अनुभव सुधारत आहोत.' माझा अनुभव? पस्तीस वर्षं मी उन्हात खांबावर चढलो तो अनुभव? तो हे सुधारणार?" मग ते राउटरची वायर उपटतात आणि राउटर फडताळात ठेवून कडी घालतात.

पण लॅपटॉपला एक दुखणं होतं. पडद्यावरचा बाण आपोआप डावीकडे सरकायचा. (माझी तक्रार नव्हती. काकांची होती.) कंपनीचं म्हणणं असं की टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे त्या पट्टीला चालवणारी आज्ञावली, जुनी झाली आहे. ती नवी घालायची तर आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या अगदी मुळातली आज्ञावली बदलावी लागेल. काका म्हणाले, "मुळाला हात? विचार करतो." आणि दर गुरुवारी दुपारी जेवण झालं की ते कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून तीच तक्रार पुन्हा नोंदवायला लागले.

मला काका त्या काळात फार मोठे वाटत. या कंपन्यांचा धंदा मला पाठ आहे. यंत्र विकायचं, मग त्याची काळजी घ्यायचं हळूहळू सोडायचं, मग म्हणायचं, हे आता जुनं झालं, नवं घ्या. धडधाकट यंत्राला म्हातारं ठरवायचा अधिकार यांना दिला कोणी? आणि इथे एक एकटा माणूस दर गुरुवारी त्यांच्या दारावर धडका मारतोय! मी 'यंत्र आमचं, मर्जी कोणाची?' असं पत्रकच लिहिलं आणि पहिली प्रत काकांना दिली.

त्यांनी ते वाचलं. "उद्गारचिन्हं फार झालीत," ते म्हणाले. "लाल दिवा एकच पुरतो."

आणि मग कंपनीच्या साइटवर मला ती ओळ दिसली. काकांच्या मॉडेलसाठी या महिन्यानंतर कोणतंही साहाय्य मिळणार नाही. फायली काढून टाकणार, हेल्पलाइनवर तक्रारी घेणं बंद. माझं रक्त उसळलं. मी फर्मवेअर आणि ड्रायव्हर दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आणि रस्ता ओलांडून काकांकडे गेले.

"काका, महीने भर का टाइम है। बाद में कुछ नहीं मिलेगा। आज ही कर देते हैं।"

काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, त्यांनाही राग आला.

"महिनाअखेर?" त्यांनी विचारलं. "सगळंच बंद?"

"सब कुछ। इसीलिए तो लाई हूँ।"

त्यांनी पेनड्राइव्ह चिमटीत धरून उजेडात पाहिला. "हा कुठून कुठून फिरून आलाय? कोणाकोणाच्या यंत्रात जाऊन आला?" मग तो तांदळाच्या डब्यात ठेवला. "राहू दे दोन दिवस. काही असेल तर उतरेल."

दोन दिवसांनी विजेचा मुद्दा निघाला. तो खरा होता, हे मान्य करते. फर्मवेअर बदलताना मधेच वीज गेली तर लॅपटॉपची वीट होते, आणि त्याची बॅटरी कधीच मेलेली. मे महिन्यात झाशीत वीज कधी जाईल हे सांगता येत नाही. काका मला घेऊन थेट विजेच्या उपकेंद्रात गेले. तिथे एक माणूस बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता.

"भैया," काका म्हणाले, "हमको एक घंटे का ब्लॉक चाहिए. लिख के नहीं, जबान दे दो. बस नंबर बोल दो."

"काहे को नंबर, दद्दा?"

"कि बत्ती नहीं जाएगी."

त्याने पुठ्ठा थांबवला आणि वरच्या बंद पंख्याकडे बोट केलं. "दद्दा, बत्ती को का भरोसो। अबै है, अबै नइयाँ। हमाई खुदई नइयाँ।"

काका विजयी मुद्रेने बाहेर आले. "बघितलंस? मास्तरच नंबर देत नाही. काम होणार नाही."

मी आमच्या घरातल्या इन्व्हर्टरवरून गल्ली ओलांडून वायर टाकायची तयारी दाखवली. काका म्हणाले, दुसऱ्याच्या विजेवर त्यांचं यंत्र चालत नाही. मी म्हटलं, बरं, रेल्वेच्या ओळखीच्या माणसाकडे नेऊ. काका म्हणाले, "ते लॅपटॉप उघडून आतलं काढून घेतात." काय काढतात? "ते मी कसं सांगू? काढल्यावरच कळतं."

संशय सर्दीसारखा शेजाऱ्याला लागतो. मला लागला. ज्या माणसाने महिनोन्‌महिने तक्रार केली, तो औषध दारात आल्यावर दार का लावून घेतोय? कंपनीने यांना काही देऊ केलंय का? नवा लॅपटॉप? माझा लढवय्या फितूर तर झाला नाही? पत्रकांवर वाढलेल्या माणसाला फितुरी फार लवकर दिसते.

महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी, त्यांच्या फोनच्या वेळेला, मी न सांगता जिना चढले. दार उघडं होतं, पडदा ओढलेला. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, कारण कानाला लावला की ते कान ओळखतात म्हणे. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू आलं.

मराठीसाठी सात दाबा, असं यंत्र म्हणालं. काकांनी सात दाबला. एका पुरुषाने नमस्कार केला. "आवाज नीट येत नाही," काका म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा सात. दुसराच कोणी. "आवाज नीट येत नाही." तिसऱ्यांदा एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार, मी सुप्रिया बोलतेय, आपल्याला काय..."

"नाव पूर्ण सांग."

"काका, तेच आहे. मागच्या गुरुवारचंच." ती हसत होती.

"प्रायव्हेट नंबर?"

"छत्तीस."

"तीन सहा, छत्तीस. बोल. जेवलीस का?"

"जेवले. मेथीची भाजी होती. तुम्ही? आणि बाण कसा आहे?"

"सरकतोय. हा बघ, आत्ताच सरकला."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. लॅपटॉप मिटलेला होता. काकांचा हात त्याच्या झाकणावर होता, मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"डावीकडेच ना?" सुप्रियाने विचारलं.

"डावीकडेच. बरं, मागच्या वेळी तू विचारलंस, तसराळं म्हणजे काय. मी काढून ठेवलंय. पसरट असतं, काठ आत वळलेला. आमच्या हिच्या माहेरचं. ही त्यात दही लावायची. इथे बाजारात तसराळं म्हटलं तर कोणी वळूनसुद्धा बघत नाही." ते थांबले. "इथे आता कोणाशी बोलतानाच तो शब्द लागत नाही."

"माझ्या आजीकडे आहे, काका. पण ती त्याला परात म्हणते."

"परात वेगळी! परातीला काठ सरळ." आणि काका परातीबद्दल बोलायला लागले. ते कधी न ऐकलेल्या आवाजात बोलत होते. संशयाचा टिपूस नव्हता त्यात.

मी उभी राहिले. आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच आहेत, हे मी वर लिहिलं आहे.

बऱ्याच वेळाने सुप्रिया म्हणाली, "काका, एक सांगायचं होतं. पुढच्या गुरुवारपासून तुमच्या मॉडेलचे फोन आमच्याकडे लागणार नाहीत."

"माहीत आहे. पत्रकबाईने सांगितलं. तुझी बदली कुठे?"

"नव्या मॉडेलच्या टीमला."

काका जरा घुटमळले. "मग मी नवीन घेतला तर... फोन तुझ्याकडे लागेल?"

"नका घेऊ, काका," ती हळूच म्हणाली. "तुमचा चांगला चाललाय. मला माहीत आहे."

काकांनी झाकणावरून हात काढला. "बरं," ते म्हणाले. "नव्या ठिकाणी तारा कोणी न विचारता ओढल्या तर ऐकून घेऊ नकोस. जेवत जा वेळेवर." शेवटी यंत्राने विचारलं, सेवेबद्दल किती गुण द्याल? जगात कोणावर विश्वास नसलेल्या माणसाने चष्मा पुसून, बटण नीट बघून, पैकीच्या पैकी गुण दिले.

मी आवाज न करता जिना उतरले. कंपनीवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते. यंत्र मारताना त्याच्या आसऱ्याने काय काय जगत होतं, हे त्या लोकांनी मोजलेलं नसतं. पण पत्रक काढून हे कोणाला सांगणार?

पुढच्या गुरुवारी दुपारी आमच्या खिडकीतून काकांची बैठक दिसत होती. टेबलावर लॅपटॉप मिटलेला, शेजारी फोन. काका फोनकडे बघत बसले होते. मी त्यांचा नंबर लावला.

"नमस्कार," मी मराठीत म्हटलं. "आपल्या... आपल्या न्याय्य तक्रारीची दखल घेण्यासाठी हा फोन केलेला आहे."

सभाच झाली शेवटी. काकांनी मान वर केली, पण खिडकीकडे पाहिलं नाही.

"नाव पूर्ण सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं.

"प्रायव्हेट नंबर?"

"सैंतालीस."

"रेंज नाहीये."

"सत्... सत्तेचाळीस."

"चार सात, सत्तेचाळीस." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बोल. जेवलीस का?"

"जेवले. लॅपटॉप उघडा आहे का, काका?"

"हा काय, समोरच उघडून बसलोय."

गल्लीपलीकडे त्यांचा हात मिटलेल्या झाकणावर जाऊन बसला. खोटं मला आयुष्यात कधी सहन झालेलं नाही.

"मग नीट बघून सांगा," मी म्हटलं. "बाण कुठे सरकतोय?"