अंबाड्यातला मायक्रोफोन

माझी स्मरणशक्ती हा आमच्या घरातला एक जुलूम आहे. मुलाचा पहिला दात कोणत्या वारी पडला, शेजारणीने नेलेली शिडी कोणत्या वर्षी परत केली (केलेलीच नाही!), घरातला पहिला पंखा किती दिवसांनी खडखडायला लागला, सगळं मला पाठ. सून म्हणते, आई, तुमच्यासमोर थाप मारायची तर आधी टिपणं काढावी लागतात.

तेव्हा त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा तो कार्यक्रम मला पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत आठवतो असं मी म्हटलं, तर तुम्ही विश्वास ठेवायला हरकत नव्हती. मीही ठेवला होता.

आमच्या ह्यांना एका रॉक बँडचं वेड होतं. चार केसाळ माणसं, आणि रेकॉर्डवर सात मिनिटांचं असलेलं गाणं रंगमंचावर बावीस मिनिटं वाजवायची! हे म्हणायचे, रेकॉर्डवरचं गाणं म्हणजे फोटो, कार्यक्रमातलं गाणं म्हणजे माणूस. फोटो एक पुरतो, माणूस रोज वेगळा भेटतो. त्यामुळे ह्यांना प्रत्येक दिवसाचा माणूस हवा असायचा. असले वेडे गावोगावी होते आणि ते एकमेकांना कार्यक्रमांच्या टेपा टपालाने पाठवत. आमच्या मागच्या खोलीत अशा दोनशे चौदा टेपा होत्या. मला सगळ्या सारख्याच वाटत. हे मात्र डोळे मिटून सांगायचे, "ही मंगळवारची. ड्रमवाल्याला सर्दी झालीय."

त्यातली एकच टेप ह्यांनी स्वतः केलेली. तो बँड आमच्या शहरात एकदाच आला. आत रेकॉर्डिंगला बंदी होती आणि दारावर पुरुषांचे खिसे तपासत होते. म्हणून टेपरेकॉर्डर माझ्या पिशवीत गेला, तान्ह्या मुलाच्या लंगोटांखाली, आणि बोटाच्या पेराएवढा मायक्रोफोन माझ्या अंबाड्यात. मुलगा पाच महिन्यांचा होता, त्याला बहिणीकडे ठेवलं होतं. रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे नियम कडक: बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, मान हलवायची नाही. मी अडीच तास विजेच्या खांबासारखी बसले होते.

आणि मला सगळं आठवतं! विशेषतः ते शेवटचं शांत गाणं. सगळे दिवे विझले, एकच निळा उरला. गायक रंगमंचाच्या काठावर पाय सोडून बसला. गिटारवाल्याने पाठ फिरवली. पहिल्या रांगेतली एक बाई रडत होती. हे मी शंभर लोकांना शंभर वेळा सांगितलंय. मी सांगत असताना हे खाली मान घालून हसायचे. मला वाटायचं, कौतुकाने.

ती टेप पुढे फार गाजली. माझ्या केसांमुळे आवाज मऊ आला होता म्हणे. पण खरं कारण वेगळं होतं. त्या अकरा मिनिटांच्या शांत गाण्यात चौथ्या मिनिटाला एक हुंकार सुरू होतो. बंद खोलीत कोणी जड पेटी लाकडी जमिनीवरून हळूहळू ओढावी तसा. मग थांबतो. वाटतं, गेला. आणि मग अगदी तुमच्या कानामागे श्वास घेतल्यासारखा पुन्हा येतो. कधी तो गायकाच्या आधी येतो, कधी गायक थांबला की त्याला उत्तर दिल्यासारखा.

चाहत्यांमध्ये त्या टेपचं नावच 'हुंकार' पडलं. त्या सभागृहाचा म्हातारा रखवालदार गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या मेला होता, सकाळी सापडला तेव्हाही ताठच होता, हा त्याचाच आवाज, अशी कथा कोणीतरी काढली आणि ती टेपेच्या मागे मागे सगळीकडे गेली. लोक ह्यांना पत्रं लिहून विचारायचे. हे एका ओळीत उत्तर द्यायचे: मला काही सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. आणि मागच्या हिवाळ्यात एक दिवस कपाट आवरताना माझ्या लक्षात आलं, की ह्यांचा आवाज मला आठवत नाही. वाक्यं आठवतात. कोणत्या दिवशी काय बोलले तेही आठवतं. पण ती वाक्यं आता माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात येतात. कधीच काही न विसरणारी मी, आणि मी नेमकं हे हरवून बसले! दोनशे चौदा टेपा घरात, जगाचे आवाज त्यांच्यात, आणि ह्यांचा एक शब्द नाही. नियमच तो. बोलायचं नाही.

ह्यांचे दोन मित्र त्या टेपा एका संग्रहालयाला द्यायचं म्हणत होते. एक निवृत्त गणिताचे मास्तर, ज्यांच्या वहीत प्रत्येक टेपेची तारीख आणि प्रत्येक गाण्याची मिनिटं लिहिलेली. दुसरे चष्म्याचं दुकान चालवणारे. त्यांना आम्ही चष्मेवालेच म्हणतो, आणि चष्मा मात्र त्यांना नाही. मी त्यांना अट घातली. एखाद्या टेपेवर ह्यांचा आवाज शोधून द्या, मग सगळ्या न्या.

झालं. रोज दुपारी दोन ते पाच, मागच्या खोलीत पडदे ओढून तिघं बसायला लागलो. खोलीत उजेड म्हणजे मशीनचा एक तांबडा दिवा. टाळ्या, आरोळ्या, कोणाचं तरी खोकणं, चाळीस वर्षांपूर्वीच्या अनोळखी बायकांचं हसणं. त्यातल्या किती जणी आता असतील, असं मनात यायचं. दोनशे तेरा टेपा ऐकल्या. ह्यांचं साधं "हं"सुद्धा नाही.

उरली 'हुंकार'ची मूळ टेप. आम्ही आतापर्यंत ऐकली ती तिची नक्कल. मूळ टेप वाजवायची नाही, हा ह्या लोकांचा दुसरा नियम. प्रत्येक वेळी वाजवली की ती झिजते. ह्यांनी एकदा नक्कल काढली आणि मूळ टेप दोरा गुंडाळून डब्यात ठेवली. कोणी मागितली की ह्यांचा चेहरा कडक व्हायचा. मास्तरही नाही म्हणाले. मला वाटतं, ते नियमाला कमी आणि हुंकाराला जास्त भीत होते.

आणि मग तो घरात शिरला.

एका दुपारी दोघे आले. त्यांच्यासाठी मी दार लोटूनच ठेवते. मास्तरांच्या काखेत टेपचं मशीन होतं, आदल्या दिवशी ते साफ करायला घरी नेलं होतं. मागच्या खोलीचं दार बंद होतं, आणि त्या बंद दाराआडून हुंकार येत होता. तोच. पेटी ओढल्यासारखा. थांबला. पुन्हा आला. मशीन मास्तरांच्या काखेत!

चष्मेवाल्यांनी मास्तरांचा हात धरला तो इतका घट्ट, की मास्तर दोन दिवस तो चोळत होते. मास्तरांनी दारावर टकटक केली. आवाज मध्येच तुटला. मग दार आतून उघडलं आणि अंधारात पांढऱ्या केसांची बाई उभी. ती मी होते, पण चष्मेवाल्यांना हे पटायला पाणी प्यावं लागलं.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "आत कोण आहे?"

कोणी नाही म्हटलं. मी तर पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मासिक वाचत बसले होते. त्यांनी ऐकलेलं सांगितलं तेव्हा मी आधी ते दार ओढून घेतलं. म्हणजे मी त्या खोलीत तासभर त्याच्यासोबत एकटी होते! आणि मग आठवलं, की हल्ली त्या खुर्चीत बसलं असताना मधूनच मला दचकल्यासारखं व्हायचं, आणि वाटायचं की खोलीत आत्ताच काहीतरी थांबलं. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.

पुढचे आठ दिवस हेच. चष्मेवाल्यांनी ऐकला. मीटर बघायला आलेल्या माणसाने ऐकला आणि आकडा न लिहिताच गेला. मला एकटीला ऐकू येईना! मी कान देऊन बसले की यायचा नाही. जरा लक्ष ढळलं की येऊन जायचा.

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण एक विचार भीतीपेक्षा मोठा झाला. हा रखवालदार कशावरून? हे कशावरून नसतील? आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जपले, आता स्वतःचा पोचवायचा प्रयत्न करत असतील आणि शब्द फुटत नसेल. मग मी रोज दुपारी त्या अंधारात बसून म्हणायला लागले, "मी ऐकतेय हो. बोला."

आमची सून प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिचा भुतांवर विश्वास नाही, रिपोर्टवर आहे. शनिवारी तिने आपला मोबाइल रेकॉर्डिंगला लावून माझ्या खुर्चीमागच्या कपाटावर ठेवला आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन कानाला लावून ऐकला. मी दारातून पाहिलं. पोरीने तोंडावर टॉवेल दाबला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचारी घाबरून रडतेय.

पण बाहेर येऊन ती मास्तरांना एवढंच म्हणाली, "काका, मूळ टेप वाजवा. आईंची अट पुरी करायला तेवढी एकच उरलीय." माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

रविवारी दुपारी आम्ही चौघं बसलो. मास्तरांनी दोरा सोडला. टेप फिरायला लागली. मूळ टेप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जणू खोलीची भिंत काढली आणि पलीकडे ते सभागृह होतं. मग शांत गाणं आलं. चौथं मिनिट. हुंकार आला तो इतका जवळून, की मी मान वळवून मागे बघितलं. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. सात मिनिटं आम्ही कोणी हललो नाही.

मग टाळ्या. नक्कल इथे खटकन संपते. मास्तरांच्या वहीत 'शेवट तुटका' असं लिहिलंय. मूळ टेप संपली नाही. टाळ्या विरल्या. खुर्च्या आपटल्या, पावलं दूर गेली. रिकाम्या सभागृहाचा घुमटासारखा आवाज राहिला, आणि त्यात अजूनही तो हुंकार चालला होता. एकटाच.

आणि मग माझ्या अगदी कानाशी, त्रेचाळीस वर्षांपलीकडून, हे बोलले.

"ए. ऊठ. संपलं सगळं."

हुंकार थांबला.

एक तरुण, झोपाळू, चिडका बाईचा आवाज म्हणाला, "मी जागीच होते."

"हो, जागीच होतीस." हे हसत होते. किती जवळून हसत होते! "पोराने आठ रात्री जागवलंय तुला, मला माहीत नाही का? चल. ते शांत गाणं कसं झालं ते वाटेत सांगतो. निळा दिवा होता बघ एक... अगं, मान सांभाळ, वायर..."

खट्.

मी रडत होते, आणि रडता रडता मला कळत होतं, की निळा दिवा मी पाहिलेलाच नाही. काठावर बसलेला गायक नाही, रडणारी बाई नाही. घरी जाताना ह्यांनी ते सगळं मला दिलं, आणि मी ते माझं म्हणून शंभर जणांना सांगत राहिले. हे खाली मान घालून हसत राहिले. लोकांनी एवढी पत्रं पाठवली, पण ह्यांनी बायकोचं घोरणं कोणाला कळू दिलं नाही.

सुनेने मोबाइल काढला आणि शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं. मास्तरांनी सवयीने घड्याळाकडे बघून दोन हुंकारांमधलं अंतर मोजलं, वहीशी ताडलं, आणि वही हळूच मिटली.

"खुर्चीत ताठ बसून झोपलात की होतं, आई," सून म्हणाली. "पलंगावर अगदी शांत झोपता."

अटीप्रमाणे टेपा गेल्या. जाताना मास्तरांनी विचारलं, संग्रहालयाला हुंकाराचं काय सांगायचं? मी म्हटलं, ह्यांनी एक्केचाळीस वर्षं सांभाळलं, तुम्हा दोघांना पुढची काही वर्षं जड जाऊ नये. त्यांनी कागदावर लिहिलं: मला काही सांगता येत नाही. रखवालदार तिथेच राहिला, गॅलरीत, ताठ.

मूळ टेपेची एक पूर्ण नक्कल मात्र मी ठेवून घेतली, शेवटासकट. आता रोज जेवण झालं की पडदे ओढून ती लावते. आज ते शांत गाणं पूर्ण ऐकायचंच, असं ठरवून खुर्चीत ताठ बसते. चार वाजता हे म्हणतात, "ए. ऊठ. संपलं सगळं," आणि मी उठून चहाला लागते.

गाणं चौथ्या मिनिटाच्या पुढे कसं जातं, ते कोणाला माहीत असेल तर मला कळवा.