मोर्चाआधीची बातमी

आमचे शेजारी बाबूराव मोर्चाची बातमी मोर्चाच्या आधीच लिहीत.

हसू नका. नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीच्या पेपरला बातमी पाठवायची, तर दुपारच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ पाकीट द्यावं लागे. आणि मोर्चे निघत उन्हं उतरल्यावर. मी म्हणायचो, "आणि निघालाच नाही तर?"

"निघत कसा नाही, मास्तर? छापून येऊन राहिलं ना! पेपर मोर्चाच्या पुढं चालते गड्या!"

मग स्वतःच गल्लोगल्ली फिरून माणसं गोळा करत, घसा फाटेस्तोवर घोषणा देत आणि बातमी खरी करून सोडत. वार्ताहर आणि पुढारी, दोघं एकाच धोतरात!

एकदा मात्र पंचाईत झाली. सरकारी विहीर सगळ्या गावाची. पण बौद्ध वस्तीतल्या बायांनी तिथं घागर टेकवली की लोक हाकलून लावत. बायांनी मोर्चा ठरवला. बाबूरावांनी ठोकून दिलं, 'गावातल्या सर्व समाजांच्या महिला सामील झाल्या.' पाकीट गेलं.

संध्याकाळी पाहतो तर घागरी घेऊन फक्त वस्तीतल्याच बाया. त्यांची पुढारी सुभद्राबाई मोठी फटकळ. म्हणाली, "काहो बाबूराव, कसा झाला आमचा मोर्चा?"

बाबूरावांचं तोंड एवढंसं झालं. एक ओळ खोटी निघाली की विरोधक म्हणणार, मागणीच खोटी. दारोदार हिंडले बिचारे. एक बाई बाहेर येईना. शेवटी स्वतःच्या घरी आले. त्यांची आई यमुनामाय सोवळ्याची कडक. लेक वस्तीत जेवतो म्हणून कित्येक महिने त्याच्याशी अबोला. मी कुंपणाशीच होतो. ऐकू नको तर काय करू?

"माय, मी तं लिहून बसलो."

"मले इचारलं होतं काय?"

"नाही."

"मंग काहून लिवलं?"

बाबूराव मान खाली घालून म्हणाले, "मले वाटलं, तू येशील."

म्हातारी आत गेली आणि घागर घेऊनच बाहेर आली. "चाल. घोषणा-बिषणा मले येत नाही, आधीच सांगते."

तिला रस्त्यानं जाताना पाहून एक दार उघडलं, मग दुसरं, मग शेजारचं. हां हां म्हणता बाया जमल्या.

विहिरीवर सुभद्राबाईनं बादली वर ओढली. यमुनामायनं आपली घागर तिच्यापुढं धरली.

"ओत बाई."

मला भरून आलं. बाबूरावांना ढोसून म्हटलं, "अहो, लिहा की! आता तर डोळ्यांदेखत घडतंय."

"काय लिवू, मास्तर?" उपरण्यानं डोळे पुसत ते म्हणाले, "मले काही दिसूनच नाही राहिलं."