भाऊजींच्या जोडखुर्च्या

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझे धाकटे दीर बाळाराम खुर्ची पसंत करण्यासाठी तिच्यावर बसत नाहीत. ते तिच्याखाली शिरतात.

लग्न कुणाचंही असो. मी पैठणी सावरत आहेर देत असते आणि पुढच्या रांगेत एखाद्या खुर्चीखालून भाऊजींचे दोन पाय बाहेर आलेले असतात. "तुमच्यातले का हो?" कुणीतरी विचारतं. "छे! डेकोरेटरचा माणूस असेल," मी म्हणते. यात खोटं अर्धंच. कळंबोलीला त्यांचं गोडाऊन आहे, आणि हॉलना सोफे, खुर्च्या, टीपॉय तेच पुरवतात.

पुरवतात कसले, सोयरीक जुळवतात! शोभेसं टेबल मिळेपर्यंत सोफा गोडाऊनबाहेर पडत नाही. "वयनी, हा सोफा ठेंगना, टेबल ताडमाड. संसार होईल का यांचा?" आणि खुर्ची तर एकटी मांडायचीच नाही. दोन खुर्च्या, पुढे एक छोटं टेबल. कुणी एखादी ओढून नेऊ नये म्हणून दोघींचे शेजारचे पाय सॅटिनच्या पट्टीने बांधलेले. माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, वारली, तेव्हापासूनचा हा नियम. स्वतः मात्र कधी बसायचे नाहीत. खांबाला टेकून उभे. "माल राखताय काय?" मी चिडवायची. ते हसायचे.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला खारघरचा हॉल अर्थात त्यांनीच मांडला. मुलाकडची मंडळी उरणहून आली आणि जोडीजोडीने बसली. शेवटी आली मुलाची आत्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. जागा मिळाली ती नेमकी स्टेजसमोर, आणि शेजारची खुर्ची रिकामी. जो तो विचारतोय, "इथे कोण येणार आहे?" आणि ती बिचारी दर वेळी पदर सारखा करत सांगतेय, "कोनी नाय."

भाऊजींचा चेहरा पार उतरला. "वयनी, काय अक्कल माजी! बाईला चारचौघांत एकली करून दावली." मग खाली बघत म्हणाले, "मी बसलो तं माज्या बाजूची पन अशीच दिसंल, म्हनून तं उभा ऱ्हातो."

मी काही बोलणार, तोवर ते तिथे पोचलेसुद्धा. "माफ करा हां, चुकी झाली," असं पुटपुटत थेट खुर्चीखाली! पट्टीची गाठ काही सुटेना. व्याही बघतायत, फोटोवाला बघतोय, आणि स्टेजसमोर आमच्या घराण्याचे दोन पाय. लाजेने मी पैठणीत तोंड लपवायचंच बाकी होतं. एकदाची गाठ सुटली. भाऊजी घामाघूम होऊन बाहेर आले आणि मान खाली घालून ती रिकामी खुर्ची उचलू लागले. आत्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. भटजी श्वास घ्यायला थांबले होते, त्यामुळे तिचं बोलणं अख्ख्या हॉलने ऐकलं:

"अवो, ऱ्हाऊ द्या ती! तुमीच बसा ना!"