नळ बंद आहे असे मानू

गणिताच्या प्रबंधावर मार्गदर्शक सरांची सही व्हायला चार तास उरले असताना तिला सत्तेचाळीसाव्या पानावरच्या समीकरणात एक जास्तीचं पद दिसलं.

पाच वर्षं घासून तिने तीन गोष्टी सिद्ध केल्या होत्या. उथळ भांड्यातल्या प्रवाहाच्या समीकरणाला उत्तर असतं, ते एकच असतं, आणि पुरेशी वाट पाहिली की घर्षणाने पाणी शेवटी शांत होतं. हे आगंतुक पद मात्र म्हणत होतं, होईलच असं नाही. आणि सर खालच्याच मजल्यावर राहत होते, याच घटकेला तोच प्रबंध वाचत बसले होते.

विचार अडला की ती वही काखेत मारून टबातलं पाणी ढवळून ते शांत होताना बघत बसायची. आज विचार असा काही अडला की नळ चालूच आहे याचंही तिला भान राहिलं नाही. अर्धा तास झाला, पाणी काही शांत होईना. तिचा धीर सुटत चालला.

"अगं, टब वाहतोय!" नवरा दारातून ओरडला.

"ओरडू नकोस. होईल शांत. सिद्ध केलंय मी."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

"शांत कधी होईल ते विचारतोय!"

"अनंतकाळात," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

नवऱ्याने पँट दुमडली, नळ जोर लावून पिळला आणि नळाची मूठ त्याच्या हातात आली. प्लंबर फोनवर म्हणाला, "येतोच. तोवर मेन कॉक बंद करा." मेन कॉक गच्चीवर होता, गच्चीला कुलूप होतं, आणि किल्ली इमारतीचे सेक्रेटरी म्हणून सरांकडे असायची.

"जा, घेऊन ये."

"मी नाही जाणार! ते सत्तेचाळीसाव्या पानावर असले तर?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात सर उभे होते. टकलावरून पाणी निथळत होतं आणि हातात भिजून फुगलेला प्रबंध होता.

"पाणी शेवटी शांत होतं म्हणतेस," सर म्हणाले. "माझ्या छताने प्रबंध वाचलेला दिसत नाही."

"पण सर, नळ चालू आहे ना! बाहेरून पाणी येतच राहिलं तर ते शांत कसं..." आणि ती अर्ध्यावरच थांबली. ते जास्तीचं पद बाह्य बलाचं होतं! पहिल्या प्रकरणात तिनेच ते मांडलं होतं, आणि तिसऱ्यात ते शून्य धरायचं लिहायला साफ विसरली होती.

"तीन दिवस वाट बघतोय, तुझ्या कधी लक्षात येतंय याची," सर म्हणाले. "लिही आता."

घोटाभर पाण्यात उभं राहून, प्रबंध फ्रिजवर टेकवून तिने लिहिलं: 'बाह्य बल शून्य आहे असे मानू.' सरांनी सही केली. शाई ताबडतोब पसरली, पण सही ती सही. तिला एकदम हलकं वाटलं.

"मानून झालं असेल तर किल्ली द्या!" नवरा आतून ओरडला. त्याचा अंगठा नळाच्या तोंडात होता.

सरांनी खिसे चाचपले, मग तिच्याकडे पाहिलं. "किल्ली? ती रविवारी तूच नेलीस की. गच्चीवर बसून विचार करते म्हणालीस."

तिने काखेतली वही घाईघाईने उघडली. खूण म्हणून घातलेली किल्ली वहीतून निसटली आणि डुबकन पाण्यात पडली.