उंचीचं साटंलोटं

"जेवताना तोंडातून शब्द निघाला, की पान तसंच सोडून उठायचं. मग पोटात कावळे ओरडोत, नाहीतर दारात पाहुणे." सासूबाईंनी हे सांगितलं त्याला अठरा वर्षं झाली होती, पण चातुर्मास लागला की प्रमोदिनीबाईंना पाटावर बसता बसता तोच आवाज ऐकू यायचा. चार महिने त्या मुक्याने जेवत. भात हवा असेल तर बोटाची खूण, पुरे असेल तर पानावर आडवा हात. श्रावणी सोमवारी दिवसभराचा उपास आणि दिवेलागणीला एकच जेवण. त्या जेवणात शब्द निघाला, तर पुढचा घास थेट मंगळवारी. अठरा वर्षांत एकदाही निघाला नव्हता.

त्यांच्याही वाट्याचं बोलणं त्यांचे यजमान नानासो बोलून टाकत. नानासो जिल्हा परिषदेत कारकून होते आणि उरलेल्या वेळात साताऱ्यातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे हितचिंतक होते. त्यांनी स्वतः चेंडू कधी हातात धरलेला नव्हता. संघाला प्रशिक्षक होता, तो संघ मैदानावर खेळवायचा. नानासो तोच संघ रोज संध्याकाळी ओसरीवर मोडायचे आणि पुन्हा बांधायचे. सोबतीला निवृत्त हवालदार लालासाहेब. ते पलटणीच्या संघातून खेळलेले असल्यामुळे त्यांना मधूनमधून बोलायला मिळत असे.

त्या वर्षी गावोगावच्या क्रीडा मंडळांनी नवा नियम केला. दीड महिन्याच्या मोसमापुरती आपली एक खेळाडू दुसऱ्या मंडळाला द्यायची आणि बदल्यात तिथली एक आणायची. दोन्ही घरची लेखी संमती हवी, आणि नावं पंधरा तारखेच्या आत लागली पाहिजेत. या नियमाने ओसरीवर दोन आठवडे कुणी वेळेवर जेवलं नाही.

"आपल्याला उंची पाहिजे," नानासो म्हणाले. "चपळाई रग्गड झाली. बास्केटखाली आपल्या पोरी नुसत्या वर बघत उभ्या असतात, लग्नात अक्षता टाकायला उभ्या राहिल्यागत."

"सांगलीकडं हाय की एक," लालासाहेब म्हणाले. "मिरजेच्या सामन्यात उजव्या गुडघ्यावर पडल्याली बघितली न्हवं तुमी, ती. मयूरी. सहा फूट. पर तिचा बाप दिवाळीनंतर तिचा खेळ बंद करणार हाय."

"का?"

"त्याचं म्हणणं, ती उड्या मारून मारून वाढतीया. आतापातूर चार स्थळं उंचीवरनं परत गेली. थांबली तर हाय तेवढ्यावर तरी ऱ्हाईल, म्हणतो."

स्वयंपाकघरात फुलवाती वळणाऱ्या प्रमोदिनीबाईंचा हात जरा थांबला. एखाद्या पोरीचा खेळ ती वाढते म्हणून बंद व्हावा, हे काही त्यांना बरं वाटलं नाही.

"म्हणजे दिवाळीच्या आत तिला काढली पाहिजे," नानासो म्हणाले. "सांगलीला चेंडू पळवणारी पाहिजे. आपण शिवांजली देऊ."

शिवांजली ही नानासोंची एकुलती एक मुलगी. पाच फूट एक इंच.

"आवं, पोटची पोरगी देताय?"

"संघ आधी."

आतून शिवांजली म्हणाली, "अण्णा, मला कुणी विचारणार आहे का?"

"विचारतोय की. जातेस का?"

"जाते. तिथं निदान ओसरीवर कुणी माझे चुकलेले पास मोजत नसेल."

प्रमोदिनीबाईंनीही हो म्हटलं. दीड महिन्याचाच तर प्रश्न होता, आणि डी.एड.ची यादी लागेपर्यंत पोरगी घरात रिकामीच होती. राहिलं ते मयूरीच्या बापाला लिहायचं.

"आपसी बदली म्हणून लिवा," लालासाहेब म्हणाले.

"छे. ते सरकारी वाटतं. माणसाला आपलेपणा वाटला पाहिजे." आणि नानासोंनी पोस्टकार्ड काढून एका बैठकीत लिहिलं, आणि आत ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं:

'आपल्या मयूरीस आम्ही मिरजेत पाहिले. पाहताक्षणी ठरवले, ही आमच्याकडे आली पाहिजे. आम्हास फक्त उंचीची अट आहे. रंगरूप, शिक्षण काही पाहणे नाही. बदल्यात आमची शिवांजली आपल्याकडे देऊ. ती बुटकी आहे, पण हातापायाने चपळ. साटंलोटं केल्यास दोन्हीकडचा फायदा आहे. मयूरीचा उजवा गुडघा आता कसा आहे ते कळवावे. पंधरा तारखेच्या आत नाव लावणे आहे, तरी त्वरा करावी.'

बास्केटबॉल हा शब्द कार्डात कुठेही नव्हता. नानासोंच्या आयुष्यात दुसरा विषयच नसल्यामुळे विषय लिहायची त्यांना सवय नव्हती.

कार्ड टाकल्याच्या पुढच्या सोमवारी प्रमोदिनीबाईंनी महादेवाला बेल वाहिला, दिवा लावला आणि एकट्याच पाटावर बसल्या. नानासो, लालासाहेब आणि शिवांजली मैदानावर होती. दुसरा घास तोंडात असताना दारात तीन माणसं उभी राहिली. भरघोस मिशांचा फेटेवाला गडी, हिरव्या इरकलीतली बाई, आणि त्यांच्या मागून चौकटीखाली वाकून आत आलेली एक मुलगी.

"नानासोंचं घर ह्येच न्हवं?" फेटेवाल्याने विचारलं. "म्या नाथाजी. ही आमची मालकीण, बनुबाई. ही मयूरी. तुमचं कार्ड पावलं."

प्रमोदिनीबाईंनी मान डोलावली, डाव्या हाताने चटई दाखवली आणि तोंडावर बोट ठेवून पानाकडे खूण केली.

"मुकं जेवण," बनुबाईंनी ओळखलं. "आमच्या आत्याबाईंचं बी असायचं. जेवा तुमी, बाई. आमी बोलतो, तुमी मान हालवा."

ही सोय बरी वाटली. प्रमोदिनीबाईंनी पुढचा घास घेतला.

"पोरीची उंची चालंल म्हणताय?"

मान होकारार्थी हलली. उंचीसाठी दोन आठवडे घरात दुसरं बोलणं नव्हतं.

"आन तुमची शिवांजली आमच्याकडं द्यायला तुमी राजी?"

राजी.

"आमचा थोरला, जयराज, फौजेत हाय. नाशकाला, तोफखान्यात."

तोफखान्याचा इथे काय संबंध, हे प्रमोदिनीबाईंच्या ध्यानात आलं नाही. पण कुणाचा मुलगा फौजेत असेल तर मान डोलावणं हीच रीत.

"मग झालंच की," नाथाजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "साटंलोटं हाय म्हणल्यावर हुंड्याचं कायी निघत न्हाई."

प्रमोदिनीबाईंचा घास गालातच थांबला. हुंडा म्हटल्यावर त्यांना नवऱ्याचं कार्ड पहिल्या ओळीपासून आठवलं, आणि ते आता अगदी वेगळंच वाचता येऊ लागलं. पानात अजून निम्मा वरणभात होता. त्यांनी जोराने नकारार्थी मान हलवली.

"बघ," नाथाजी बायकोला म्हणाले, "हुंड्याचं नावबी काढू नगा, म्हणत्यात. मानपानाचं कसं करायचं, बाई?"

मान आणखी जोरात हलली.

"मानपानबी नगं. लय थोर माणसं."

आता एकच मार्ग होता. पान संपवायचं, चूळ भरायची आणि बोलायचं. अन्न टाकून उठणं व्हायचं नाही, म्हणून प्रमोदिनीबाई जन्मात जेवल्या नव्हत्या इतक्या वेगाने जेवू लागल्या. बनुबाई कौतुकाने बघत राहिल्या.

"जेवाण कसं झपाझपा हाय. अशी सासू कामात मागं ऱ्हात न्हाई." मग त्या चटईवरून सरकत जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? माझ्या पोरीच्या उंचीला आजपातूर कुणी चांगलं म्हणलं न्हाई. पाव्हणं यायचं, तिला उभी करायचं, आन च्या न घेता उठायचं. तुमचं कार्ड म्या शेजारच्या मास्तरांकडनं पाच येळा वाचून घेतलं. पोटच्या पोरीगत संभाळशीला न्हवं?"

प्रमोदिनीबाईंनी मयूरीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, जमेल तेवढी लहान होऊन बसली होती. शेवटचा घास राहिला होता. पाण्याचा तांब्या हाताशी होता. थोडं थांबलं असतं तर त्यांना नीट बोलून सांगता आलं असतं. त्यांनी बनुबाईंच्या डोळ्यांत बघून मान हलवली, होकारार्थी.

त्या चूळ भरायला मोरीवर गेल्या आणि तेवढ्यात मैदानावरची मंडळी परतली. नानासोंनी उंबऱ्यातूनच मयूरीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"व्याही!" नाथाजींनी त्यांना कवेत घेतलं.

नानासोंना हा सांगलीकडचा नमस्कार वाटला. "गुडघा कसा आहे?"

"टणक हाय. तुमी फकस्त तारीख काढा."

"शनिवारी. पण पहिल्या दिवशी जरा वेळ बाहेर बसवू, मग आत घेऊ."

"तुमच्याकडची रीत असंल तर बसवा. नवरा मुलगा कुठं हाय?"

"मुलगा?" नानासो म्हणाले. "मुलांचा संघ वेगळा आहे. आम्ही फक्त मुलींचं बघतो."

शिवांजलीने काखेतला चेंडू हळूच खाली ठेवला. लालासाहेब म्हणाले, "मी आपसी बदली लिवा म्हणलो हुतो," पण ते कुणी ऐकलं नाही.

सगळा उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर नाथाजींनी फेटा सारखा केला. "चल, मयूरे. आमी काय उंट हाय व्हय, बघून ठरवायला? खेळ आजपासनंच बंद."

मयूरी उठली नाही. "आबा, कार्डात उजवा गुडघा वाचला तवाच मला कळलं हुतं, हे खेळाचं हाय."

"मग त्वांड का उघडलं न्हाईस?"

"उघडलं असतं, तर तुमी सातारची येष्टी धरली असती का?"

नाथाजी बनुबाईंकडे बघू लागले. बनुबाई मोरीच्या दाराकडे बघत होत्या. तिथे प्रमोदिनीबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"बनुबाई," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी मान हलवली तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. घरात मुलगा नाही हेही मला ठाऊक होतं. तरी हलवली. दीड महिना का होईना, तुमची पोरगी माझ्याकडं पोटच्या पोरीसारखी राहील. तुमची इच्छा असेल तर."

नाथाजी बोलायला गेले, तर बनुबाईंनी नवऱ्यापुढे आडवा हात धरला.

"ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "खरं, परक्या गावात माझी पोरगी मैदानावर एकली जायाची न्हाई. तुमी सोबत जायचं. रोज. खेळ सुटंपातूर तिथंच बसायचं."

प्रमोदिनीबाईंनी आजवर मैदानाचं फाटकही पाहिलं नव्हतं. "बसेन," त्या म्हणाल्या.

"आन तुमची पोरगी आमी घिऊन जाणार. साटं झालं, तर लोटंबी झालंच पायजे. तिच्यापाशी म्या बशीन."

"किती वेळ बसावं लागतं?" प्रमोदिनीबाईंनी लालासाहेबांना विचारलं.

"दोन तास सकाळी, दोन सांजच्याला."

मंगळवारी पहिल्या एसटीने शिवांजली सांगलीला गेली. संमतीच्या कागदावर नाथाजींनी सही केली, पण स्टँडवर ते नानासोंकडे पाठ करून उभे राहिले. गाडी हलली तेव्हा नानासो खिडकीबरोबर चार पावलं चालले. "डाव्या हाताने पण टप्पा मारत जा," एवढंच त्यांना सांगता आलं. त्या संध्याकाळी लालासाहेबांनी नव्या संघाचा विषय काढला, तर नानासो म्हणाले, "उद्या बघू." त्या ओसरीवर हे पहिल्यांदाच घडलं.

बुधवारी प्रमोदिनीबाई चारला उठल्या. पूजा रोज सहाला व्हायची, ती त्यांनी पाचला उरकली. मयूरीच्या हातावर साखर ठेवली, स्वतः एक चटई काखेत मारली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. रस्त्यावर दूधवाल्याची एक सायकल तेवढी होती. मयूरीच्या एका ढांगेला त्यांची दोन पावलं पडत होती. मयूरी हळू होऊ लागली, तशी त्यांनी तिला हातानेच खूण केली, तू चाल, आणि निऱ्या जरा वर खोचून त्या मैदानाच्या वाटेला लागल्या.