पाच मंद इंजिनांचा कट

भाचीने मोजलं तेव्हा शर्यतीच्या मैदानावर अकरा गो-कार्ट, म्हणजे बुटक्या उघड्या गाड्या, होत्या. सहा टू-स्ट्रोक, पाच फोर-स्ट्रोक. चव्वेचाळीस चाकं, अकरा हेल्मेटं, एक वजनकाटा, आग विझवायची चार नळकांडी आणि एक मामा. नळकांड्यांवर तपासणीची तारीख लिहिलेली होती. मामांवर नव्हती.

"माझ्यासारखी नजर शतकात एकदाच जन्माला येते," मामा भेटेल त्याला सांगत. "उजवा डोळा पुरावा बघतो, डावा हेतू." पोटापाण्यासाठी ते खिडक्यांचे पडदे शिवत, पण वृत्तीने गुप्तहेर. आजवर त्यांनी सतरा प्रकरणं हाती घेतली होती. सतराच्या सतरा दुसऱ्याच कोणीतरी सोडवली; मामांच्या मते, मामांनी निर्माण केलेल्या दडपणामुळे.

भाची नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली होती. मैदानावर ती वेळ मोजायची. मामांची सहायकही तीच, कारण वही धरायला कोणीतरी लागतं.

प्रकरण असं होतं. आठ गाड्या जमल्याशिवाय इथे शर्यतीचा वर्ग भरत नाही. टू-स्ट्रोकवाले सहा, फोर-स्ट्रोकवाले पाच. वेगवेगळे राहिले तर दोघांनाही शर्यत नाही. म्हणून दोघांचा मिळून मिश्र वर्ग केला होता, आणि तो दोन जावांच्या एका ओट्यासारखा चालला होता. टू-स्ट्रोक इंजिन हलकं, चिडकं आणि वेगवान. फोर-स्ट्रोक जड, समंजस आणि मंद. न्याय व्हावा म्हणून मुख्य पंच फोर-स्ट्रोक आधी सोडत आणि टू-स्ट्रोक काही सेकंदांनी मागून; आज चोवीस. कागदावर सगळे एकदमच शेवटच्या रेषेवर यायला हवे होते.

आज दुपारी बारा फेऱ्यांनंतर पहिले पाचही नंबर फोर-स्ट्रोकनी घेतले. पहिली आली मामी. पाचवे आले आजोबा, निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना सगळे लाडाने गोगलगाय म्हणत.

"गोगलगाय माझ्यापुढे?" टू-स्ट्रोकवाल्यांचा म्होरक्या, दातांचा डॉक्टर, हेल्मेट आपटत म्हणाला. "या पाच जणांनी इंजिनात काहीतरी केलंय!"

पंचांनी शिटी फुंकली. "तीन वाजेपर्यंत कारण सापडलं नाही, तर निकाल रद्द. आणि मिश्र वर्ग आजपासून बंद."

"बंद?" मामी म्हणाली. सहा वर्षं ती या गाडीच्या मागे होती आणि आज पहिल्यांदा जिंकली होती. "मग ही गाडी काय गच्चीत फिरवू?"

"घाबरू नकोस," मामा पुढे झाले. "मात्र एक लक्षात ठेव. तपास सुरू असेपर्यंत तू माझी बायको नाहीस. संशयित क्रमांक एक आहेस."

"चला, तेवढाच आराम," मामी म्हणाली.

मामांनी पहिला सिद्धांत मांडला: टू-स्ट्रोक गाड्यांवर कोणीतरी गुपचूप वजन चढवलंय. सहाही गाड्या काट्यावर चढवल्या. प्रत्येक गाडी सकाळपेक्षा नऊ किलोंनी जास्त भरली.

"नऊ! सगळीकडे नऊ!" मामांचा आवाज कापला. "हे एकाच हाताचं काम आहे."

"पायाचं," भाची म्हणाली. "मामा, काट्यावरचा पाय काढा."

दुसरा सिद्धांत धुरातून आला. मामांनी वाकून सहा धुराड्यांचा वास घेतला, सहा वेळा खोकले आणि ताठ उभे राहिले. "या सहाच्या सहा गाड्यांच्या पेट्रोलमध्ये कोणीतरी तेल मिसळलंय!"

"आम्हीच मिसळतो," दातांचा डॉक्टर म्हणाला. "टू-स्ट्रोकला मिसळावंच लागतं. नाहीतर इंजिन जाम होतं."

"कबुली!" मामा ओरडले. "लिहून घे!"

भाचीने लिहून घेतलं. खाली कंसात लिहिलं: सर्वांना माहीत असलेली गोष्ट.

मग संशयित क्रमांक एकची उलटतपासणी झाली.

"काल संध्याकाळी सात वाजता आपण कुठे होतात?"

"घरी. तुमच्या शर्टाचं बटण लावत होते."

"साक्षीदार?"

"तुम्हीच की! शर्ट तुमच्या अंगातच होता."

"मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो," मामा गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे साक्षीदार नाही."

"अहो, सुई टोचली तेव्हा कोण ओरडलं?"

"संशयिताने साक्षीदारावर हल्ला केला. हेही लिही."

अडीच वाजता मामांची नजर गोगलगायीवर स्थिरावली. "सहा वर्षं हा माणूस शेवटून पहिला येतोय. का? आजच्या दिवसासाठी! संशय येऊ नये म्हणून सहा वर्षं हळू चालवणारा मेंदू! सूत्रधार सापडला!"

"बाळा," आजोबा म्हणाले, "एवढी दूरदृष्टी असती तर मी पोस्टात कशाला राहिलो असतो?"

इतका वेळ भाची फेऱ्यांच्या नोंदी चाळत होती. प्रत्येक गाडीची प्रत्येक फेरी तिच्याकडे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत होती. "मामा, कोणीच वेगात गेलं नाही आणि कोणीच हळू गेलं नाही. टू-स्ट्रोकची फेरी सरासरी चाळीस सेकंद, फोर-स्ट्रोकची एक्केचाळीस पूर्णांक दोन. सकाळच्या सरावातही अगदी हेच आकडे."

मामांनी वेळ मोजणाऱ्या यंत्राकडे रोखून पाहिलं. "म्हणजे हेसुद्धा त्यांना सामील आहे."

तीनला दहा मिनिटं असताना रुग्णवाहिका फाटकातून आत आली. चालक ऑक्सिजनचं नवं नळकांडं घेऊन उतरला आणि गर्दी बघून थबकला. "कोणाला लागलं?"

"कोणाला नाही. फोर-स्ट्रोक जिंकल्या," पंच म्हणाले.

"मग जिंकणारच की."

सगळे त्याच्याकडे वळले.

"मला एक वाजता नळकांडं बदलायला निघायचं होतं. रुग्णवाहिका नसताना शर्यत चालत नाही, म्हणून तुम्ही वीसच्या बारा फेऱ्या केल्यात. बरोबर? आणि ते चोवीस सेकंद? सकाळी माझ्याच बॉनेटवर कागद ठेवून हिशेब केलात तुम्ही. फेरीमागे एक पूर्णांक दोन, गुणिले वीस. फेऱ्या बारा झाल्यावर गुणिले बारा नको?"

पंचांच्या तोंडातली शिटी आपोआप बारीक वाजली.

भाचीचे कान तापले. चोवीस सेकंद तिनेच मोजले होते, एका हजारांशाचीही चूक न करता, आणि त्याचा तिला अभिमान वाटला होता. चोवीस आले कुठून, हे तिने विचारलंच नव्हतं.

"काखेत कळसा," मामी पुटपुटली.

"दडपण," मामा हळूच म्हणाले. "अठरावं प्रकरण."

भाचीने वहीत गुणाकार केला: चौदा पूर्णांक चार. म्हणजे फोर-स्ट्रोकना नऊ पूर्णांक सहा सेकंद फुकटचे मिळाले होते. मामी सहाव्या आलेल्या डॉक्टरच्या पुढे होती नऊ पूर्णांक दोन सेकंदांनी. पुढची वजाबाकी करून तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बोल," मामी म्हणाली.

"तू दुसरी आली असतीस मामी. चार दशांश सेकंदाने."

मामीने हेल्मेट उचललं. "पुन्हा सोडा. फुकटचा कप घरात ठेवला तर रोज पुसावा लागेल, आणि रोज आठवेल."

"मी तयार आहे," डॉक्टर म्हणाला.

पंचांनी घसा खाकरला. "पहिला निकाल रद्द. बारा फेऱ्या, चौदा पूर्णांक चार सेकंद. दोन्ही प्रकारच्या पहिल्या गाड्या एका सेकंदाच्या आत आल्या, तर मिश्र वर्ग चालू. नाही तर बंद."

पाच समंजस इंजिनं निघाली. भाचीने मोजलं, हात खाली केला, आणि सहा चिडकी इंजिनं किंचाळत त्यांच्या मागे गेली. फेरीमागून फेरी डॉक्टर जवळ येत होता. सरळ रस्त्यावर तो अंतर खात होता आणि वळणावर मामी त्याला जागा देत नव्हती. मामांनी मैदानाच्या कडेची जाळी दोन्ही हातांनी धरली होती. सिद्धांत सुचेनात, म्हणून ते नुसतेच पाहत होते. शेवटच्या वळणातून दोन्ही गाड्या एकदम बाहेर पडल्या आणि रेषेवरून गेल्या. कोण पुढे होतं ते कोणालाच सांगता येईना.

सगळे वेळ मोजायच्या मनोऱ्याखाली जमले. भाचीने यंत्रातला कागद फाडला आणि वाचला.

"पहिली, फोर-स्ट्रोक, मामी. दुसरी, टू-स्ट्रोक, डॉक्टर. अंतर, शून्य पूर्णांक शून्य तीन एक सेकंद."