क्लचच्या टिंबाचा बहुमताने निकाल

कोणतंही यंत्र झाकलेलं असेपर्यंत मालकाचं असतं. उघडलं की ते सार्वजनिक होतं. हा नियम कुठे छापलेला नाही, पण छापलेल्या नियमांपेक्षा त्याची अंमलबजावणी चोख होते. उघड्या यंत्राभोवती जमणाऱ्यांत साधारण नव्वद टक्के तज्ज्ञ असतात. उरलेल्या दहा टक्क्यांत मालक.

रविवारी दुपारी इमारतीच्या पार्किंगमध्ये मास्तरांनी बायकोच्या मोटरसायकलचा क्लच उघडला आणि ते या दहा टक्क्यांत जमा झाले. मोटरसायकल बायकोची, कारण ड्युटी तिची. सोमवारी पहाटे ती गावाबाहेरच्या रुग्णालयात मुख्य परिचारिका म्हणून रुजू होणार होती, आणि त्या वेळेला बस नव्हती. गॅरेज कशाला, मी बसवतो, असं मास्तरच म्हणाले होते. तिने दोनदा विचारून घेतलं होतं.

काम तसं सरळ होतं. एक खरबरीत प्लेट, एक पोलादी प्लेट, अशी थप्पी रचायची. वर प्रेशर प्लेट नावाचं झाकण ठेवायचं, स्प्रिंगा घालायच्या, बोल्ट आवळायचे. पथ्य एकच: झाकणावर एक बारीक टिंब असतं आणि आतल्या हबवर दुसरं. दोन्ही समोरासमोर आणली की दात खाचांत बसतात. नाही आणली तरी बोल्ट आवळले जातातच. (इथे कारखान्याने माणसावर नको इतका विश्वास टाकलेला आहे.)

मास्तर शाळेत भूमिती शिकवत. टिंबाला टिंब त्यांनी पहिल्या झटक्यात जुळवलं. तेवढ्यात साहेब आले.

साहेब पाणीपुरवठा खात्यातून सन्मानाने निवृत्त झाले होते. (पाणी अजून यायचं आहे.) हे टिंब कारखान्यातल्या तपासणीचं असून बसवणीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, असं त्यांनी उभ्याउभ्या जाहीर केलं. तळमजल्यावरच्या वकिलांचं म्हणणं पडलं की टिंब बरोबर वरच्या बाजूला असावं, म्हणजे पुढेमागे वाद झाल्यास पुरावा म्हणून दिसेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून वकिलांना पाठिंबा दिला. तिथून त्यांना टिंब दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरण्यात आलं.

पुस्तिकेत वेगळं लिहिलंय, एवढं मास्तर म्हणाले.

"मास्तर," साहेब हसले, "असल्या पुस्तिका आम्ही लिहायचो."

यावर बोलण्यासारखं मास्तरांकडे पुष्कळ होतं. पण साहेब वयाने मोठे, वकिलांनी एकदा फुकट सल्ला दिलेला, आणि काकूंची शिडी अजून मास्तरांच्याच घरात. अख्ख्या वर्गाला बाकावर उभं करणाऱ्या मास्तरांनी निमूटपणे झाकण काढलं, किंचित फिरवलं, टिंब वर आणलं आणि बोल्ट आवळले. दात बसले नाहीत हे त्यांच्या बोटांना कळत होतं. परंतु बोटांना मताधिकार नव्हता. काम घट्ट झाल्याचं साहेबांनी प्रमाणित केलं.

दिवेलागणीला चाचणी झाली. इंजिन सुरू झालं, गिअर पडला, मास्तरांनी क्लच सोडला. इंजिनाने पार्किंग दणाणून सोडलं आणि मोटरसायकल जागेवरून तसूभर हलली नाही. आवाज उत्तम आहे, चालणं ही पुढची बाब, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर साहेबांची फिरायला जायची वेळ झाली, वकिलांना फोन आला, आणि काकूंना गॅसवरचं दूध आठवलं.

आवाज ऐकून बायको खाली आली.

"टिंब जुळवलं होतंत ना?"

"जुळवलं होतं. मग फिरवलं."

"का?"

"अगं, सगळेच म्हणाले."

"मग उद्या पहाटे मला सोडायला सगळेच येणार आहेत का?"

मास्तरांनी पाना उचलला. तिने बाह्या वर केल्या आणि तेलासाठी खाली पातेलं सरकवलं. अंधारून आलं होतं. झाकण पुन्हा निघालं तेव्हा तिथे नवरा-बायकोखेरीज आणखी एकच व्यक्ती उरली होती. दुपारपासून ती एका बाजूला उभी होती. दोन टिंबं समोरासमोर हवीत हे तिलाही पक्कं ठाऊक होतं. पण ती अवाक्षर बोलली नाही, कारण तिला मजा वाटत होती.

मास्तरांच्या बायकोने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"वाचून झालं असेल, तर जरा बॅटरी धरता का?"